खांद्याचे जुने दुखणे आणि हाताचे बळ



वैद्याच्या दारी येणाऱ्या माणसाची तक्रार आणि त्याचा रोग ही दोन्ही नेहमी एकाच ठिकाणी वसत असतात असे नाही. एखादी गृहिणी सांगते की, हल्ली पाण्याची कळशी उचलताना मनगटात बळ राहत नाही आणि भाकरी थापताना कोपराच्या बाहेरच्या अंगास कळ येते. शाळामास्तर सांगतात की, फळ्यावर चार ओळी लिहिल्या की बोटांतून खडू निसटू लागतो. शिंपी म्हणतो की, कात्री धरलेला पंजा दुपारनंतर जड होतो. या प्रत्येकाने कोपराला तेल चोळलेले असते, मनगटाला पट्टा आवळलेला असतो, बोटे शेकलेली असतात. खांद्याविषयी मुद्दाम विचारले म्हणजे मात्र उत्तर येते, “तो तर वर्षभर दुखतोच आहे, त्याचे काय एवढे?” खांद्याचे दुखणे अंगवळणी पडल्यामुळे तक्रारींच्या यादीतून ते गळून गेलेले असते. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय हा गळलेला दुवा होय. खांदा दीर्घकाळ दुखत राहिला असता त्याचा परिणाम दंड, कोपर, मनगट आणि पंजा येथील स्नायूंवर कसा होतो, का होतो, आणि तो ओळखण्यात चूक झाली असता काय गमवावे लागते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम रचना पाहू. मांडीचे हाड कमरेच्या खोल वाटीत पक्के बसलेले असते. त्यामुळे पाय स्थिर, परंतु त्याच्या हालचालीस मर्यादा. खांद्याची वाटी उथळ आहे. दंडाच्या हाडाच्या वाटोळ्या डोक्याचा पाव ते एकतृतीयांश इतकाच भाग एका वेळी त्या वाटीशी लागून असतो. संपूर्ण हाताला धडाशी जोडणारा हाडांचा खरा सांधा एकच, आणि तो म्हणजे गळ्याखालच्या अक्षक नावाच्या हाडाचा छातीच्या हाडाशी असलेला सांधा. खांद्याचे पाते, ज्यास संस्कृतात अंसफलक म्हणतात, ते पाठीमागे बरगड्यांवर स्नायूंच्या आधाराने जणू तरंगत असते. या रचनेमुळे मनुष्याचा हात पाठीपासून डोक्यापर्यंत सर्वत्र पोचतो. परंतु या स्वातंत्र्याचे मोल स्नायूंना द्यावे लागते. हाडांनी जी स्थिरता दिली नाही ती स्नायूंनी क्षणोक्षणी निर्माण करावयाची असते.

हे काम मुख्यतः चार लहान स्नायूंकडे आहे. ते अंसफलकापासून निघतात. एक वरून, दोन मागून आणि एक पुढून येऊन दंडाच्या हाडाच्या डोक्याला वेढतात, आणि त्यांच्या कंडरा एकमेकींत मिसळून त्या डोक्याभोवती बाहीच्या पट्टीसारखे वेष्टन तयार होते. खांद्याच्या गोलाईवर टोपीसारखा बसलेला मोठा त्रिकोणी स्नायू हात उचलू लागला म्हणजे दंडाचे डोके वर सरकून वरच्या हाडाच्या कमानीवर आदळावयाचे. ते वाटीच्या मध्यावर धरून ठेवणे हे या चौघांचे नित्यकर्म. १९४४ साली अमेरिकेतील इनमन, साँडर्स व अ‍ॅबट या तिघांनी खांद्याच्या हालचालींचे जे मोजमाप प्रसिद्ध केले, त्यावरून असे दिसून आले की हात पूर्ण वर नेताना होणाऱ्या १८० अंशांच्या हालचालीपैकी सुमारे १२० अंश मुख्य सांध्यात आणि सुमारे ६० अंश अंसफलकाच्या फिरण्याने साधतात. म्हणजे पाते आणि दंड यांनी एका तालात चालावयाचे असते. ताल बिघडला की भार भलत्याच स्नायूवर पडतो.

आता हा भार किती, याचाही अंदाज घ्यावा. माणसाचा एक हात त्याच्या एकूण वजनाच्या सुमारे ५ टक्के भरतो. साठ किलो वजनाच्या मनुष्याचा रिकामा हातच सुमारे ३ किलोंचा झाला. तो अंगालगत लोंबत असेल तेव्हा विशेष काही नाही. परंतु फळ्याकडे, चुलीकडे किंवा उंच फडताळाकडे पुढे केला म्हणजे तरफेच्या नियमाने खांद्याला त्याच्या कितीतरी पट जोर लावावा लागतो. शिवाय बोटांनी काम करावयाचे तर बोटे हलण्यापूर्वी खांदा सावरला गेला पाहिजे. नावाड्याने वल्हे मारण्यापूर्वी पाय रोवावेत तसाच हा प्रकार. स्नायूंतील विद्युत्प्रवाह टिपण्याच्या साधनांनी हेही दाखवून दिले आहे की हात उचललेला असताना मूठ घट्ट आवळली तर खांद्याभोवतालच्या त्या लहान स्नायूंचे कामही वाढते. मूठ आणि खांदा हे दोन शेजारी एकमेकांस ठाऊक नसलेले नाहीत. एकाने हाक दिली की दुसरा उठतो. तेव्हा खांदा आजारी असता मुठीचे बळ जसेच्या तसे राहावे, ही अपेक्षाच रचनेच्या विरुद्ध आहे.

वेदनेचा पहिला परिणाम म्हणजे स्नायूंवर येणारा दाब. येथे लंडनचे शस्त्रवैद्य जॉन हिल्टन यांचे स्मरण केले पाहिजे. विश्रांती आणि वेदना या विषयावर त्यांनी १८६० ते १८६२ या काळात जी व्याख्याने दिली ती १८६३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्यांनी मांडलेला नियम असा की, जो मज्जातंतू एखाद्या सांध्याला संवेदना पुरवितो त्याच्याच शाखा तो सांधा हलविणाऱ्या स्नायूंना आणि त्यांच्यावरील त्वचेलाही जातात. खांद्याच्या बाबतीत हे स्पष्ट दिसते. काखेतून वळून जाणारा एक मज्जातंतू सांध्याला शाखा देतो, वरच्या त्रिकोणी स्नायूला चालना देतो आणि दंडाच्या बाहेरच्या बाजूच्या त्वचेला स्पर्शज्ञान देतो. घरातील एकाच दोरीला जर दिवाणखान्याची आणि माजघराची घंटा बांधलेली असेल तर एका खोलीतील ओढ दुसरीत वाजणारच.

पण या नियमाने शेजार सांगितला. दाबाची क्रिया दाखविण्याचे काम पुढच्या काळातील प्रयोगांनी केले. १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात गुडघ्याच्या सांध्यात द्रव भरून तो फुगविला असता मांडीच्या पुढच्या स्नायूचे आकुंचन मंदावते, असे आढळले. स्नायूला काहीही इजा झालेली नव्हती. सांध्याकडून मज्जारज्जूकडे गेलेल्या वर्दीमुळे त्याला मिळणारी आज्ञाच क्षीण झाली होती. खांद्याच्या बाबतीत असा अनुभव आहे की, कमानीखालील दुखऱ्या जागी बधिर करणारे औषध टोचल्यावर काही मिनिटांतच पुष्कळ रुग्णांचा हात पूर्वीपेक्षा अधिक जोर लावू शकतो. काही मिनिटांत स्नायू वाढत नाही. म्हणजे आधीचे दौर्बल्य स्नायूच्या मांसात नव्हते, वेदनेच्या लगामात होते. या एका गोष्टीचे महत्त्व फार आहे. हात दुबळा झाला एवढ्यावरून तो वाळला असे म्हणता येत नाही, आणि लगाम न काढता केवळ व्यायामाचा चाबूक ओढला तर लाभापेक्षा हानीचीच शक्यता अधिक.

या लगामाचे स्वरूप काय, याविषयीचे मत गेल्या शतकात बदलत गेले आहे. १९४२ साली जॅनेट ट्रॅव्हेल यांनी आपल्या सहकाऱ्यांसह खांदा व हात यांच्या वेदनेवर एक निबंध लिहिला. याच ट्रॅव्हेल पुढे १९६१ साली अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या वैद्य झाल्या. वेदनेमुळे स्नायू आखडतो, आखडल्यामुळे पुन्हा वेदना होते आणि हे चक्र स्वतःच्याच गतीने फिरत राहते, असा विचार त्या काळी रूढ झाला. १९९१ साली लुंड व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यास फाटा दिला. त्यांचे म्हणणे असे की वेदना असता हालचाल घडविणारा स्नायू सैल पडतो आणि तिला विरोध करणारा अधिक ताठतो. त्यामुळे हालचाल लहान व मंद होते आणि दुखऱ्या भागाचे रक्षण होते. २०११ साली हॉजेस व टकर यांनी आणखी पुढचे पाऊल टाकले. सर्व माणसांत एकच ठरावीक बदल होत नाही; वेदना असता शरीर कामाची वाटणी नव्याने करते, कोणाच्या बाबतीत हा स्नायू तर कोणाच्या बाबतीत तो पुढे येतो, आणि तत्काळ लाभ देणारी ही वाटणी दीर्घकाळ टिकली तर तीच नव्या दुखण्याचे कारण बनू शकते. जुन्या खांदेदुखीचा बाकीच्या हाताशी असलेला संबंध समजण्यास ही शेवटची दृष्टी फार उपयोगी पडते.

कामाची ही नवी वाटणी कशी होते ते पाहू. पहिली बदली बहुधा मानेकडे जाते. मानेपासून खांद्याच्या टोकापर्यंत आणि खाली पाठीच्या मध्यापर्यंत पसरलेला जो मोठा स्नायू आहे त्याचा वरचा भाग अधिक राबू लागतो, तर त्याचाच खालचा भाग आणि अंसफलकाला बरगड्यांशी धरून ठेवणारा काखेखालचा स्नायू मागे पडतात. परिणामी हात उचलताना खांदा कानाकडे चढतो. अशा माणसाला लांबूनही ओळखता येते. खुंटीवरचा सदरा काढताना त्याचे सबंध अंग एका बाजूला झुकते.

दुसरी बदली दंडाकडे जाते. मूठ वळून कोपर वाकविले असता जी बेटकुळी वर येते, तिची एक लांब कंडरा खांद्याच्या वाटीच्या वरच्या कडेपासून निघते, सांध्याच्या आतून जाते आणि दंडाच्या हाडावरील एका खाचेतून खाली उतरते. दंडाच्या मागच्या बाजूच्या स्नायूचेही एक मूळ वाटीच्या खालच्या कडेला आहे. म्हणजे कोपर वाकविणारा आणि कोपर सरळ करणारा असे दोन्ही स्नायू खांद्याचेही सेवक आहेत. वेष्टनाचे चार स्नायू कमी पडू लागले की पुढची कंडरा अधिक ताण सोसते, घासली जाते, जाड होते. बेटकुळीचा स्नायू केवळ कोपर वाकवीत नाही. तळहात वरच्या बाजूस फिरविण्याचे कामही तोच करतो. म्हणून अशा रुग्णाला कुलपात किल्ली फिरविताना किंवा बरणीचे घट्ट झाकण उघडताना दंडाच्या पुढच्या अंगास कळ येते. अमेरिकन वैद्य यर्गासन यांनी १९३१ साली नेमकी हीच हालचाल परीक्षेसाठी सुचविली. रुग्णाने कोपर वाकवून विरोधाला न जुमानता तळहात वर फिरवावा आणि वेदना खांद्याच्या पुढे होते काय ते पाहावे. किल्ली फिरते मनगटाशी आणि दुखते खांद्याशी, ही विसंगती नसून शरीररचनेचीच ग्वाही आहे.

तिसरी बदली कोपराच्या खाली जाते. खांद्याने हात योग्य जागी नेला नाही तर ती उणीव मनगट वाकवून आणि बोटे अधिक आवळून भरून काढावी लागते. फळ्यावर खांद्यापासून लिहिणारा शिक्षक दुखणे जडल्यावर कोपर अंगालगत ठेवून केवळ मनगटाने लिहू लागतो. पूजेचे गंध उगाळणारा सबंध हात पुढे-मागे करण्याऐवजी बोटांनी खोड दाबून धरतो. मनगट उचलून धरणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या उंचवट्यापासून निघतात, आणि अतिश्रमाची कळ तेथे उमटते. कोपराच्या बाहेरच्या बाजूस दुखणाऱ्या पुष्कळ माणसांत अंसफलक सावरणारे स्नायूही दुबळे आढळले आहेत. यांपैकी आधीचे कोणते व नंतरचे कोणते याचा निर्णय मात्र अद्याप झालेला नाही; म्हणून प्रत्येक कोपरदुखीचे खापर खांद्यावर फोडणेही शास्त्राला धरून होणार नाही. दोन्ही ठिकाणे तपासावीत, एवढेच यातून निष्पन्न होते.

येथवर बळाचा विचार झाला. वेदना स्वतःही जागा बदलते. इंग्लंडमधील केलग्रेन यांनी १९३८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत निरोगी स्वयंसेवकांच्या स्नायूंत मिठाचे तीव्र पाणी अगदी थोडे टोचले आणि वेदना कोठे जाणवते ते नोंदून घेतले. टोचलेल्या जागेपासून दूर ती जाणवत असे. पुढे झालेल्या अशाच प्रयोगांत अंसफलकाच्या पाठीवरील स्नायूत टोचले असता वेदना खांद्याच्या पुढच्या बाजूस आणि दंडात जाणवल्याचे आढळले. म्हणजे मूळ पाठीमागे आणि हात जातो तो पुढे. याचे कारण मज्जारज्जूत आहे. मानेच्या पाचव्या व सहाव्या मज्जामुळांतून खांद्याचे बहुतेक स्नायू, दंडाची बेटकुळी आणि कोपरापासून अंगठ्याच्या बाजूने मनगटाकडे जाणारा स्नायू या सर्वांना तंतू मिळतात. एकाच चावडीवर अनेक वाड्यांच्या वर्द्या आल्या की कोणती वर्दी कोठली याविषयी घोटाळा होतो. वेदना दीर्घकाळ चालू राहिली तर ती चावडीच हळवी बनते आणि साध्या दाबालाही वेदना म्हणून नोंदवू लागते. तीन महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या वेदनेला आधुनिक वैद्यक जुनाट वेदना म्हणून वेगळे गणते, त्यामागील एक कारण हे आहे.

आता खऱ्या क्षीणतेकडे वळू. दुखणारा हात माणूस आपोआप कमी वापरतो. जेवताना, लिहिताना, गाठोडे उचलताना दुसरा हात पुढे होतो. न वापरलेला स्नायू बारीक होत जातो आणि काही आठवड्यांत फरक मोजता येतो. दोन्ही दंड एकाच उंचीवर फितीने मोजले म्हणजे तो दिसतो. वेष्टनाची कंडरा जर फाटली असेल तर तिच्या स्नायूत हळूहळू चरबी भरत जाते, अंसफलकावर वर किंवा मागे खळगा दिसू लागतो, आणि हा बदल फार पुढे गेल्यावर कंडरा शिवूनही पूर्वीचे बळ पूर्णतः परत येत नाही. म्हणून दाबलेला स्नायू, न वापरलेला स्नायू आणि तुटलेल्या कंडरेचा स्नायू हे तीन भेद ओळखणे आवश्यक आहे. पहिला वेदना शमताच जागा होतो, दुसऱ्याला महिन्यांचा अभ्यास लागतो, तिसऱ्याला कधी कधी शस्त्रक्रिया लागते आणि तीही वेळेवर.

या सर्वांचा कळस गोठलेल्या खांद्यात दिसतो. फ्रान्सचे द्युप्ले यांनी १८७२ साली त्याचे वर्णन केले, कॉडमन यांनी १९३४ साली त्यास ‘गोठलेला खांदा’ हे नाव दिले आणि नेव्हिएझर यांनी १९४५ साली सांध्याचा कोश आकसून चिकटतो हे दाखविले. जपानी भाषेत यास पन्नाशीचा खांदा म्हणतात, आणि ते नाव यथार्थ आहे. चाळीस ते साठ या वयात तो अधिक आढळतो, स्त्रियांत काहीसा जास्त, आणि मधुमेही माणसांत तर विशेषच. प्रथम रात्रीची असह्य वेदना, नंतर आखडणे, शेवटी हळूहळू सुटणे अशा अवस्थांतून तो एक ते तीन वर्षांत जातो. काहींत थोडा आखडलेपणा मागे उरतोही. स्त्रियांना वेणी घालता येत नाही, पुरुषांना धोतराचा काष्टा मागे खोवता येत नाही. घरच्या मंडळींना बाहेरून काहीच दिसत नसल्यामुळे हे ढोंग वाटते. खांद्याला सूज नाही, रंग बदललेला नाही. मग माणूस कामाला का टाळतो, असा प्रश्न बोलून नाही तरी नजरेने विचारला जातो. दुखण्याइतकाच हा प्रश्नही त्या माणसाला जाचतो.

अर्धांगवायूच्या झटक्यानंतर लुळ्या पडलेल्या हाताचा खांदा दुखू लागून पुढे पंजा सुजणे, तांबूस होणे, बोटे ताठणे असाही एक विकार होतो. स्टाइनब्रोकर यांनी १९४७ साली त्यास खांदा-पंजा विकार म्हटले. आज तो एका व्यापक वेदनाविकारात गणला जातो. सेवा करणाऱ्यांनी एक नियम पाळावा. अशा रुग्णाला उठविताना त्याचा लुळा हात धरून कधीही ओढू नये. पाठीखाली व कमरेखाली आधार द्यावा आणि लोंबणारा हात उशीवर ठेवावा.

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात वातव्याधींच्या अध्यायात अवबाहुक आणि विश्वाची असे दोन विकार येतात. पहिल्यात अंसदेशी राहिलेला वायू तेथील बंधने शुष्क करतो व शिरा आखडवितो. दुसऱ्यात बाहूच्या मागील बाजूने बोटांपर्यंत जाणाऱ्या कंडरा बिघडून बाहूचे कर्म नष्ट होते. शारीरस्थानात १०७ मर्मे सांगितली आहेत. त्यांत अंस या मर्मास इजा झाल्यास बाहू ताठतो आणि अंसफलक मर्मास इजा झाल्यास बाहू बधिर होतो किंवा शुष्क होतो, असे म्हटले आहे. आजच्या मज्जातंतूंच्या ज्ञानाशी ही परिभाषा जशीच्या तशी जुळवू पाहणे योग्य नव्हे. दोन्हींची विचारपद्धती निराळी आहे. परंतु खांद्याचा विकार खांद्यापाशी थांबत नाही, तो बोटांपर्यंत जातो आणि हाताचे मांस वाळवितो, हे निरीक्षण त्या ग्रंथात निःसंदिग्ध आहे. ज्यांनी ते केले त्यांनी रुग्णाचा हात दीर्घकाळ लक्षपूर्वक पाहिला असला पाहिजे.

आता सावधगिरीचे चार शब्द. खांद्याच्या सांध्याचे दुखणे पंजाचे बळ कमी करते, परंतु पंजातील लहान स्नायू ते सहसा वाळवीत नाही. अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा खरोखरच सपाट होऊ लागला, बोटे बधिर झाली किंवा मुंग्या येऊ लागल्या, तर मानेतील मज्जामुळे व मनगटातील मज्जातंतू तपासले पाहिजेत. खांदा आणि हाताची आतली बाजू दुखत असून करंगळीकडचा पंजा वाळत असेल आणि त्याच बाजूच्या डोळ्याची पापणी उतरत असेल, तर फुप्फुसाच्या टोकाशी गाठ असण्याचा संभव असतो. पॅनकोस्ट यांनी १९२४ व १९३२ साली ही गोष्ट नजरेस आणून दिली. डावा खांदा व हात श्रमाने दुखू लागतात, सोबत छातीत दडपण व घाम येतो, तेव्हा ते हृदयाचे दुखणे समजून क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे. उजवा खांदा जेवणानंतर दुखत असेल तर पित्ताशयाचाही विचार करावा. पडल्यानंतर हात एकाएकी उचलेनासा झाला तर कंडरा तुटली आहे काय हे लवकर पाहावे. तेल, शेक, लेप यांत हे दिवस घालविणे म्हणजे उपचाराची वेळ आपल्या हातांनी दवडणे होय.

ज्यांच्या बाबतीत असे काही नाही त्यांच्यासाठी उपाय साधे, परंतु चिकाटीचे आहेत. संपूर्ण विश्रांती हा येथे मित्राच्या वेषातील शत्रू आहे. हात झोळीत बांधून महिनोन्‌महिने ठेवल्यास वेदना थोडी कमी झाली तरी सांधा आखडतो आणि स्नायू वाळतात. त्याउलट दात-ओठ खाऊन हात जबरीने वर ओढणेही घातक. विशेषतः गोठलेल्या खांद्याच्या वेदनेच्या पहिल्या अवस्थेत अशी जबरदस्ती दुखणे वाढविते. मधला मार्ग असा की, प्रथम डॉक्टरांच्या सल्ल्याने वेदना आटोक्यात आणावी आणि तिच्या मर्यादेत राहून रोज हालचाल करावी. कॉडमन यांनी सांगितलेला झोक्याचा व्यायाम कोणत्याही घरात करता येतो. निरोगी हाताने मेजाचा आधार घ्यावा, कमरेतून पुढे वाकावे आणि दुखरा हात विहिरीत सोडलेल्या पोहऱ्यासारखा सैल सोडून लहान वर्तुळांत फिरू द्यावा. नंतर भिंतीवर बोटांनी चढावे. नंतर अंसफलके मागे एकत्र आणण्याचा आणि दंड बाहेरच्या बाजूस फिरविण्याचा अभ्यास करावा. शेवटी हळूहळू वजन वाढवावे. जोडी फिरविण्याचा आपल्या तालमींतील व्यायाम एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी येथून आपल्या देशी नेला. तो निरोगी खांद्याला उत्तम, परंतु दुखऱ्या खांद्याने त्यास अखेरीस हात घालावा. या सर्व काळात मूठ, मनगट आणि कोपर यांची हालचाल पहिल्या दिवसापासून चालू ठेवावी, कारण त्यांनी दुखण्याचा दंड भरण्याचे काही कारण नाही.

रात्री दुखऱ्या कुशीवर निजू नये. उताणे निजल्यास दंडाखाली लहान उशी घ्यावी. ज्यांचा खांदा कारणावाचून आखडला आहे त्यांनी रक्तातील साखर एकदा तपासून घ्यावी. फळा, ओटा, यंत्र किंवा मेज यांची उंची अशी असावी की काम करताना कोपर खांद्याच्या पातळीखाली राहील. ज्या कामात ते शक्य नाही तेथे विसावा वारंवार आणि थोडा थोडा घ्यावा. तासाभराने एकदाच बसण्यापेक्षा दहा-दहा मिनिटांनी हात खाली सोडणे बरे.

शेवटी ज्यांच्या घरात असा रुग्ण आहे त्यांच्याकडे वळावे लागते. हातावर पोट असलेल्या माणसाला मुठीचे बळ गेले म्हणजे रोजगार जातो. गृहिणीला गेले म्हणजे ती ते बहुधा सांगतच नाही, भांडे दोन्ही हातांनी उचलू लागते, वरच्या फळीवरचे डबे खाली आणून ठेवते, आणि एवढ्यावरून कोणाच्या लक्षात आले तर येते. त्या डब्यांच्या जागा बदलल्याचे ज्याच्या ध्यानात येईल त्याने तिच्या मनगटाची चौकशी करताना तिला हात कानाला लावून मागे मानेपर्यंत नेता येतो काय, हेही एकदा विचारावे. उत्तर नकारार्थी आले तर उपचार कोठून सुरू करावयाचा ते तेथेच कळेल.